उजव्या हृदयात गुठळी किंवा गाठ दिसली तर पाय आणि पोट तपासून घ्या

जांबोटीघाट (धागाकर्ता)

मी बेळगावात फिजिशियन आहे आणि रोज इको (हृदयाची सोनोग्राफी) करतो. खानापूर, निपाणी, हुक्केरी, पलीकडच्या चंदगडातून पेशंट येतात. 'हृदयाच्या उजव्या कप्प्यात मास', म्हणजे गोळा, एवढे शब्द रिपोर्टवर आले की काही घरची माणसं कॅन्सर धरून चालतात आणि तिथंच हातपाय गाळतात. काही जण रक्त पातळ करायच्या गोळ्या घेऊन गावी परत जातात, विरघळेल म्हणतात. दोन्हीकडे माणूस हकनाक गमावल्याचं मी पाहिलं आहे, म्हणून हा धागा.

मला सांगायचं ते एवढंच की उजव्या बाजूला जे दिसतं त्याचं मूळ बऱ्याचदा हृदयाच्या बाहेर असतं. पाय, ओटीपोट, मूत्रपिंड, लिव्हर, सगळीकडचं अशुद्ध रक्त खालच्या महाशिरेतून वरच्या उजव्या कप्प्यात येतं. डोकं आणि हातांचं रक्त वरच्या महाशिरेतून येतं. तिथून ते खालच्या उजव्या कप्प्यात आणि पुढं फुप्फुसात जातं. शिरेत कुठंही गुठळी सुटली किंवा गाठ वाढत वर सरकली तर तिला हाच रस्ता आहे. त्यामुळे इकोत काही दिसलं की 'हे आलं कुठून?' हा प्रश्न त्याच दिवशी विचारायला हवा.

सगळ्यात घाईचा प्रकार वाटेवरच्या गुठळीचा. पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत तयार झालेली गुठळी सुटून फुप्फुसाकडे निघालेली असते आणि आपण नेमका त्याच वेळी प्रोब छातीवर ठेवलेला असतो. पडद्यावर ती गांडुळासारखी लांबट दिसते. दर ठोक्याला वळवळते, झडपेतून खाली डोकावते, परत वर येते. ज्या शिरेत ती तयार झाली त्या शिरेचाच आकार तिला असतो, म्हणून ती लांब. अशी गुठळी दिसली की मी पेशंटला टेबलावरून उठू देत नाही. चालत एक्स-रे काढायला जा म्हणणं तर दूरच. स्ट्रेचर मागवायचा, ऑक्सिजन लावायचा आणि आयसीयूला फोन करायचा.

१९८९ साली युरोपातल्या इको तज्ज्ञांच्या गटानं या गुठळ्यांचे प्रकार पाडले. 'ए' म्हणजे वर सांगितलेली, पायातून आलेली, लांब आणि सैल. 'बी' म्हणजे कप्प्याच्या भिंतीला चिकटून तिथंच धरलेली. हृदय कमजोर असेल, ठोके अनियमित असतील किंवा पेसमेकरची वायर, डायलिसिसची नळी असेल तर ती होते आणि तिचा धोका त्या मानानं कमी. 'सी' क्वचित दिसते, हलते पण गाठीसारखी वाटते. फुप्फुसात गुठळी गेलेल्या शंभर पेशंटांत साधारण चौघांच्या उजव्या हृदयात अजून एखादी शिल्लक दिसते. हे प्रमाण लहान आहे, पण सैल गुठळीला उपचार मिळाला नाही तर बहुतेक पेशंट दगावतात.

उपचार तीन आहेत. रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनचं इंजेक्शन लगेच सुरू होतं. बीपी पडत असेल तर गुठळी विरघळवणारं औषध देतात. त्यात शंभरातल्या दोन-तीन जणांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून अलीकडं मोठं ऑपरेशन झालं आहे का, पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, हे डॉक्टर खोदून खोदून विचारतात. तिसरा मार्ग ऑपरेशनचा, किंवा मोठ्या केंद्रात नळीनं ओढून काढण्याचा. दोन्ही वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर ऑपरेशनचं पारडं जड होतं. जन्माआधीचं हे छिद्र साधारण चारातल्या एका मोठ्या माणसात पूर्ण बुजलेलं नसतं. गुठळी त्यात अडकली की अर्धी इकडे, अर्धी तिकडे, आणि डावीकडचा तुकडा थेट मेंदूत जाऊन लकवा मारू शकतो.

विचारा, जमेल तसं उत्तर देतो. आपला रिपोर्ट मात्र इथं टाकू नका, नाव-नंबर दिसतात.

हलशीची_लेक

डॉक्टर, वाचून अंगावर काटा आला. माझी वहिनी आता बाळंतीण आहे, सिझर झालंय. घरी आजीचा नियम असा की सव्वा महिना बाजेवरून उठायचं नाही आणि पाणी घोट-घोटच प्यायचं, नाहीतर पोट सुटतंय. शेक-शेगडी रोज. दोन दिवस झाले, डावी पोटरी दुखायलीय म्हणते. आमच्याकडं अंघोळ घालायला येणारी मावशी म्हणाली, वात आलाय, तेल लावून चोळते. काय करू?

जांबोटीघाट

अक्का, चोळू देऊ नका. आजच, आत्ताच सांगा. खोल शिरेत गुठळी असेल तर जोरानं चोळल्यावर ती सुटू शकते.

घरी एक करता येईल. शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला जो हाडाचा उंचवटा लागतो त्याच्या खाली १० सेंटीमीटरवर खूण करा आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असला तर संशय पक्का समजा. फरक नसला तरी दुखणं आहे म्हणून पायाच्या शिरांचा डॉपलर (शिरेतलं रक्त दाखवणारी सोनोग्राफी) आजच करून घ्या. खानापूर ते बेळगाव २६ किलोमीटर आहे, उद्यावर टाकण्यासारखं अंतर नाही. दम लागला, छातीत कळ आली किंवा चक्कर आली तर डॉपलरची वाट न बघता १०८ ला फोन करा.

बाळंतपणात आणि त्यानंतरच्या ६ आठवड्यांत रक्त गोठण्याचा कल सगळ्यात जास्त असतो. सिझर झालं असेल तर आणखी. डाव्या पायाला जास्त होतं, कारण तिकडची शीर ओटीपोटात धमनीखाली दाबली जाते. त्यात पडून राहणं आणि पाणी तोडणं याची भर पडली की गुठळीला सगळं हवं ते मिळतं. आजींचा मान राखून सांगा: शेक असू दे, डिंकाचे लाडू असू देत, आळिवाची खीर असू दे. पाणी मात्र तहान लागेल तितकं आणि घरातल्या घरात फिरणं रोज हवं. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर पाणी जास्तच लागतं.

हलशीची_लेक

मोजलं. चार सेंटीमीटरच्या वर फरक आला. दादा गाडी काढायलाय. नंतर लिहिते.

निपाणीकर_पाटील

माझ्या वडिलांचं डायलिसिस गळ्यातल्या नळीवर चालू होतं. हाताचा फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनीचा केलेला जोड) चालेना म्हणून नळी बरेच महिने राहिली. मग थंडी वाजून ताप, तोही बरोबर डायलिसिस लागलं की तासाभरात. एका ठिकाणी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. कोल्हापूरला नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी इको केला, नळीच्या टोकाला वरच्या उजव्या कप्प्यात गुठळी निघाली, आणि तिच्यात जंतूसुद्धा. नळी काढली, सहा आठवडे अँटिबायोटिक शिरेतून दिलं. आता फिस्टुला चालतो, तब्येत बरी आहे. नळीवर असलेल्यांच्या घरच्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी म्हणून लिहिलं.

जांबोटीघाट

पाटील साहेब, फार मोलाचं लिहिलंत. डायलिसिस लागताना थंडी-ताप आला की आधी नळीवर संशय घ्यायचा आणि अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताचं कल्चर (जंतूंची तपासणी) पाठवायचं. केमोच्या पोर्टला आणि पेसमेकरच्या वायरलाही हेच लागू.

शहापूर_माग

मला मावशीबद्दल सांगायचंय. थोडं लांब होईल.

मावशीची पिशवी पस्तिशीतच काढली होती, फायब्रॉइडच्या गाठी होत्या म्हणून. आमच्या भागात बायकांचं हे ऑपरेशन किती सर्रास होतंय सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर दहा-बारा वर्षं ठणठणीत. मागावर बसायची, घरचं सगळं करायची. मग एक दिवस अंगणात वाकून उभी राहताना बेशुद्ध पडली. परत तसंच झालं. पाय सुजायला लागले. इकोत उजव्या कप्प्यात लांबुळकी गाठ दिसली आणि गुठळी म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. एका दवाखान्यात चाललं होतं, नाव लिहीत नाही. महिनोन्महिने गोळ्या खाल्ल्या, दर थोड्या दिवसांनी बोटातून नाहीतर हातातून रक्त, मेथी-पालक बंद, आणि गाठ आहे तेवढीच. उलट थोडी वाढली.

मग एका मॅडमनी पहिल्यांदा विचारलं, पोटाचं सीटी केलंय का? नव्हतं केलं. केलं तर ओटीपोटापासून ते हृदयापर्यंत शिरेच्या आतून एकच सलग दोरखंड! मूळ तिथं, जिथून पिशवी काढली होती तिथल्या शिरांमध्ये. छाती आणि पोट दोन्ही उघडून ते काढलं. कॅन्सर नव्हता. फायब्रॉइडच होता. आम्हाला कुणी आधी सांगितलंच नाही की असं होऊ शकतंय.

जांबोटीघाट

तुम्ही हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार मानतो. याच्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात पिशवी काढलेल्या बायका घरोघरी आहेत.

गर्भाशयाच्या स्नायूची फायब्रॉइडची गाठ साधारणपणे जागेवरच वाढते. क्वचित ती गर्भाशयाच्या शिरांमध्ये शिरते आणि शिरेच्या पोकळीतून वर वाढत जाते. एक वाट कमरेच्या शिरेतून, दुसरी बीजांडकोशाच्या शिरेतून. दोन्ही वाटा खालच्या महाशिरेला मिळतात आणि तिथून वरच्या उजव्या कप्प्यात. मायक्रोस्कोपखाली पेशी सौम्यच असतात, कॅन्सरच्या नसतात. तरीही जीवाला धोका असतो, कारण तिचं टोक झडपेच्या तोंडाशी येऊन रक्त अडवतं. मावशी वाकून उठताना बेशुद्ध पडायच्या त्याचं कारण बहुधा हेच असावं. पिशवी काढल्यावर वर्षांनी हे उगवू शकतं, कारण शिरेत आधीच शिरलेला भाग मागे राहिलेला असतो आणि बीजांडकोश असतील तर त्यातल्या हार्मोनवर तो पोसला जातो. म्हणून ऑपरेशनमध्ये पुष्कळदा बीजांडकोशही काढतात.

इको करताना मी यासाठी दोन गोष्टी बघतो. गाठ कप्प्याच्या भिंतीला कुठं चिकटली आहे का, आणि तिचं शेपूट खालच्या महाशिरेत जातंय का. मिक्झोमा, म्हणजे हृदयातच उगवणारी सौम्य गाठ, भिंतीला, बहुतेकदा मधल्या पडद्याला, देठानं धरलेला असतो. ही गाठ भिंतीला न धरता खालून वर आलेली असते. प्रोब बेंबीच्या वर, बरगडीखाली ठेवून महाशीर खालपर्यंत बघायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं वाचवून फक्त छाती उघडली आणि वरचं टोक तेवढं कापलं तर खालचा भाग परत वाढतो. उजव्या कप्प्यात गाठ आहे आणि बाईला फायब्रॉइड आहे किंवा होता, एवढं जुळलं तर पोट आणि ओटीपोटाचं सीटी किंवा एमआरआय झाल्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर जायला तयार होऊ नका.

याच रस्त्यानं मूत्रपिंडाचा कॅन्सरही चढतो. उजव्या मूत्रपिंडाची शीर आखूड असल्यामुळे त्या बाजूचा जास्त. लघवीतून न दुखता रक्त गेलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि हृदयापर्यंत आला म्हणजे सगळं संपलं असं धरू नका. दुसरीकडे पसरलेला नसेल तर मूत्रपिंड आणि शिरेतला भाग एकत्र काढून वर्षानुवर्षं जगणारे लोक आहेत. लिव्हरचा कॅन्सर चढतो तेव्हा मात्र वाट बिकट असते.

सिस्टर_टिळकवाडी

मी कार्डियाक आयसीयूत नोकरी केली, आता निवृत्त. मिक्झोमाचा विषय निघाला म्हणून सांगते. बारीक ताप, वजन उतरणं, ईएसआर वाढलेला, पोटात पाणी, पाय सुजलेले, असे पेशंट आमच्याकडं यायचे तेव्हा काहींच्या पिशवीत टीबीच्या गोळ्यांची पाकिटं असायची. इको आधी झाला असता तर तेवढा त्रास वाचला असता. शंभर मिक्झोमातले पंधरा-वीसच उजवीकडे असतात, बाकीचे बहुतेक डावीकडे, म्हणून उजवीकडचा पटकन लक्षात येत नाही. ऑपरेशन झालं की पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसून चहा मागायचे. बायपास मशीनवर असं ऑपरेशन पहिल्यांदा यशस्वी झालं ते स्टॉकहोमला १९५४ साली, क्राफोर्ड नावाच्या सर्जननी केलं. आज आपल्या बेळगावात होतंय.

जांबोटीघाट

सिस्टर, बरोबर. फक्त एक जोडतो. मिक्झोमा सौम्य असला तरी 'सुगी झाल्यावर बघू' म्हणायचा नसतो. तुकडा सुटायला दिवस-वार लागत नाही.

अथणी_शिवार

नमस्कार डॉक्टर. आम्ही मेंढ्या पाळतोय. मेंढरू कापलं की कधी कधी लिव्हरात पाण्याच्या गोळ्या दिसतात, त्या आम्ही कुत्र्याला टाकतो. मिरजेला आमच्या पाहुण्याचं ऑपरेशन झालं, त्याच्या लिव्हरात तसलीच पाण्याची गाठ होती. ती हृदयातपण होतीय काय ओ?

जांबोटीघाट

होते, पण क्वचित. याला हायडॅटिड म्हणतात. कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक फीतकृमी असते, तिची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर येतात. मेंढी ती खाते, तिच्या लिव्हर-फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. त्या गाठी कच्च्या कुत्र्यानं खाल्ल्या की फेरा पूर्ण. माणूस मध्ये सापडतो. शंभर हायडॅटिडमध्ये एखाद-दुसराच हृदयात असतो. उजवीकडे असला तर तो फुटून फुप्फुसात जाण्याची भीती, आणि फुटताना अंगावर जबरदस्त ॲलर्जी येऊन बीपी पडतं. त्यामुळे पाण्याची गोल गाठ दिसली तर तिच्यात सुई घालायची नाही. अल्बेंडाझोल आणि ऑपरेशन, तेही अनुभवी हातांनी.

तुमच्या हातात आहे ते असं: त्या गोळ्या कुत्र्याला टाकणं आजपासून बंद. जाळा किंवा खोल पुरा. कळपातल्या कुत्र्यांना जनावरांच्या डॉक्टरांकडून प्राझिक्वांटेल वेळच्या वेळी द्या. कुत्र्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवा, विशेषतः पोरांचे.

गणेशपूर_आई

माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये 'कियारी नेटवर्क' लिहिलंय, उजव्या कप्प्यात. डॉक्टर काही नाही म्हणाले, पण मला झोप नाही.

जांबोटीघाट

ताई, तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. गर्भात असताना उजव्या कप्प्यात एक पडदा असतो, तो जन्मानंतर विरतो. काहींमध्ये त्याचे जाळीदार धागे उरतात आणि इकोत हलताना दिसतात. आजार नाही, औषध नाही, खेळायला बंदी नाही. रिपोर्ट जपून ठेवा, म्हणजे पुढं कुणी ते बघून गुठळी समजणार नाही.

मच्छे_कामगार

खर्चाचं कोणी सांगेल काय? ऑपरेशन म्हटलं की आम्हाला आधी तीच धास्ती.

सिस्टर_टिळकवाडी

बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. एरवी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, तातडीच्या पेशंटला त्यावाचून भरती करून घेता येतं. भरती होतानाच योजनेच्या खिडकीवर जाऊन विचारा, बिल झाल्यावर नाही. महाराष्ट्र सरकारनंही २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू करायचा निर्णय घेतला. कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर तुमच्या गावाचं काय, ते निघण्याआधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला फोन करून विचारून घ्या.

आणि संमतीपत्र कन्नडमध्ये असेल, वाचता येत नसेल, तर सही करायच्या आधी कुणाकडून तरी मराठीत समजून घ्या. नर्सला सांगा, आम्ही सांगतो. त्यात संकोच कसला?

हलशीची_लेक

डॉक्टर, वहिनीच्या मांडीपर्यंत गुठळी निघाली. इकोत हृदय स्वच्छ आहे म्हणाले. भरती केलंय, पोटात घ्यायची इंजेक्शनं चालू आहेत. अंघोळ घालणाऱ्या मावशींना सांगितलं, त्या रडायला लागल्या, त्यांना कुठं माहीत होतं बिचाऱ्यांना. आता आजी विचारत्यात, औषध चालू असताना बाळाला अंगावर पाजायचं काय?

जांबोटीघाट

पाजू दे. हेपारिनची इंजेक्शनं आणि वॉरफरिन (रक्त पातळ करायची जुनी गोळी) दोन्ही चालू असताना पाजता येतं. नव्या प्रकारच्या गोळ्या, ज्यांना रक्ततपासणी लागत नाही, त्या मात्र पाजताना देत नाहीत, म्हणून पाजते आहे हे प्रत्येक डॉक्टरांना सांगा. औषध किमान ३ महिने. वॉरफरिनवर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) २ ते ३ मध्ये राहायला हवा. मेथी, पालक, शेपू, अंबाडी बंद करायची गरज नाही, आठवड्याला साधारण तेवढीच खायची. आधी कधी गर्भ पडले असतील तर तेही सांगा, अँटिफॉस्फोलिपिडची (रक्त गोठण्याचा कल वाढवणाऱ्या एका आजाराची) तपासणी करतील. आणि त्या मावशींना दोष देऊ नका. त्या दहा घरी जातात. सुजलेला, दुखरा एकच पाय दिसला की चोळायचं नाही, दवाखान्यात पाठवायचं, एवढं त्यांना नीट समजावा.

कंग्राळी_बुद्रुक

शहापूरच्या ताईंचं वाचून आईची फाईल काढली. तिचीपण पिशवी काढलेली आहे आणि इकोत खालच्या शिरेतून कप्प्यात काहीतरी येतंय असं लिहिलंय. डॉक्टरांशी बोललो, ते लगेच हो म्हणाले. उद्या सकाळी पोटाचं सीटी ठरलंय. काय न्यायचं बरोबर?

जांबोटीघाट

पिशवी काढली तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड आणि त्या वेळचा बायोप्सी रिपोर्ट असेल तर शोधा. सगळे जुने इको, तारखेप्रमाणे लावून. सीटीत रंगाचं औषध देतात, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट लागेल. शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर आज संध्याकाळीच डॉक्टरांना विचारा. रंग शिरेत भरल्यावर थोड्या वेळानं काढलेले फोटोही हवेत असं रेडिओलॉजिस्टना सांगायला सांगा, नाहीतर महाशिरेत रंग नीट न मिसळल्यानं गुठळीचा भास होतो. गाठीला स्वतःचा रक्तपुरवठा असतो, ती रंग घेते, गुठळी घेत नाही, तो फरक तिथं कळेल. आईंना एकट्या बाथरूमला पाठवू नका, वाकून झटकन उठू देऊ नका. रिपोर्ट आला की त्यातलं निदान तेवढं इथं लिहा.